डाव्या कोपऱ्यातला अवधूत

पुण्याजवळच्या माणच्या गवाऱ्यांचा अवधूत कबड्डीत डावा कोपरा खेळायचा. हा खेळ दुरून बघणाऱ्याला फक्त चढाई करणारा दिसतो, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. कोपऱ्यातला माणूस लोकांना दिसतो तो पकड बसल्यावर, नाहीतर सुटल्यावर. अवधूतला ही जागा निरंजन सरांनी दिली, तो आठवीत असताना. उंची बेताची, मांड्या भरलेल्या आणि पंजे वयाच्या मानानं मोठे. सरांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, की तू धावायचं नाहीस, समोरच्याच्या पायावर नजर ठेवून बसायचं, पाय आला की घोट्यात धरायचा.

निरंजन सर चिंचवडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. शाळा सुटली की मोटारसायकल काढून माणला यायचे आणि मंडळाच्या मैदानावर पोरांना घाम गाळायला लावायचे. मैदान म्हणजे तांबड्या मातीचा एक चौकोन. त्याच्या तिन्ही बाजूंनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी पाचनंतर त्यांची सावली बरोबर मधल्या रेषेवर यायची. त्यातल्या एका इमारतीखाली गवाऱ्यांचं ज्वारीचं रान गेलं होतं. अवधूतचा बाप शेखर आता शेती करत नव्हता. त्याच्या सहा गाड्या होत्या आणि त्या त्याच इमारतींतल्या माणसांची ने-आण करायच्या. पोरगं पुढं गाड्यांचा धंदा बघेल अशी त्याची समजूत होती, पण खेळाला त्यानं कधी आडकाठी केली नाही. अंग तरी बळकट होतंय, म्हणायचा.

क्षितिज या मैदानावर आला तो दहावीत. पिंपळे गुरवचा, नोकरदार घरातला. वडील भोसरीत एका कंपनीच्या ऑफिसात आणि आई सुखदा गणिताची शिक्षिका. उंच, सडपातळ आणि पाय असे हलके, की मातीवर ठसा उमटतो की नाही अशी शंका यावी. चढाईसाठीच जन्मलेला, असं सर म्हणायचे. पहिल्या दिवशी अवधूतनं त्याला सात वेळा घोट्यात धरून पाडलं. आठव्या वेळी तो निसटला, मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला आणि मातीत आडवा पडून हसत सुटला. अवधूतलाही हसू आलं. त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली ती जमलीच.

बारावीला अवधूतचं गणित कच्चं होतं. क्षितिज त्याला घरी घेऊन गेला. सुखदाकाकूंनी तीन महिने रोज संध्याकाळी त्याला समोर बसवलं, चुकला तर डोक्यात टपली मारली आणि उठताना थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. अवधूत बेचाळीस मार्कांनी पास झाला. शेखरनं पेढ्यांचा पुडा नेऊन दिला, तेव्हा काकू म्हणाल्या, की पोराच्या डोक्यात सगळं शिरतं, फक्त त्याला घाई नको करायला.

पुढं क्षितिज इंजिनिअरिंगला गेला आणि अवधूत नावापुरता कॉमर्सला, पण दोघांचं लक्ष मैदानावरच. जिल्हा झाला, राज्य झालं. वयाच्या एकविसाव्या वर्षी दोघांनी एका लीगसंघाच्या निवडचाचणीला नाव दिलं. संघ उत्तरेकडचा होता. चारशे पोरांतून अकरा घेतली, त्यात हे दोघे. क्षितिजनं कॉलेजातून वर्षाची सुट्टी मागितली. काकूंना ते आवडलं नव्हतं. पण निघायच्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या आणि अवधूतला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू बरोबर आहेस म्हणून पाठवतेय.

तिकडं गेल्यावर दोघांच्या वाटा लगेचच वेगळ्या झाल्या. क्षितिजनं तीन आठवड्यांत पहिल्या सातांत जागा मिळवली. तिसऱ्या सामन्यात त्यानं एकट्यानं अकरा गुण आणले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे फोटो सगळीकडं फिरले. अवधूत बाकावर. डाव्या कोपऱ्यात हरियाणाचा एक अनुभवी खेळाडू होता, आठ वर्षं लीग खेळलेला. तो असेपर्यंत अवधूतला जागा नव्हती, हे कोणी सांगायची गरज नव्हती. सामना सुरू असताना तो टॉवेल गळ्यात टाकून बसायचा, विश्रांतीत पाण्याच्या बाटल्या न्यायचा, आणि घरून फोन आला की आज ना उद्या उतरवतील असं सांगायचा. असे नऊ सामने गेले.

दहाव्या सामन्याआधी हरियाणाच्या त्या खेळाडूला ताप भरला. अवधूतला आत घेतलं. मॅटवर पाय ठेवला तेव्हा कानात नुसतं गुणगुण चालल्यासारखं होत होतं. पण समोरचा पहिला चढाईवाला बोनसच्या जादा गुणासाठी पाय लांब करून आला आणि ते गुणगुणणं थांबलं. अवधूतनं त्याचा घोटा धरला तो तसाच धरून ठेवला. त्या दिवशी त्यानं पाच पकडी केल्या. माणच्या चौकात मंडळानं पडदा लावला होता. पाचवी पकड झाली तेव्हा शेखर खुर्चीवरून उठला आणि बराच वेळ बसायचंच विसरला, असं नंतर लोकांनी सांगितलं. चार दिवसांत फाट्यावर अवधूतचा फ्लेक्स लागला. आडवा, वीस फुटी, खाली शुभेच्छा देणाऱ्या सतरा जणांचे फोटो.

अकराव्या सामन्यात दोन पकडी झाल्या. बाराव्यात एकही नाही. उलट दोन वेळा घाईनं पुढं गेला आणि गुण देऊन बसला. बुधवारी प्रशिक्षकांनी सांगितलं, की शुक्रवारच्या सामन्याला जुना कोपरा परत येईल. रागावून नाही, सहज सांगितलं. अवधूतच्या डोळ्यांपुढं तो फ्लेक्स आला. त्याच्या खालून बाप रोज गाडी घेऊन जात असेल आणि शुक्रवारी चौकात सगळे पडद्यासमोर बसतील, तेव्हा आपण पुन्हा टॉवेल गळ्यात टाकून बसलेले दिसू. हे त्याच्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी सकाळी सरावाआधी क्षितिज त्याच्याशेजारी बसून गुडघ्याला पट्टा बांधत होता. खालच्या आवाजात म्हणाला, "उजवा गुडघा कालपासून धरलाय माझा. आज हात लागला तरी सोडून दे, राव. कुणाला बोलू नकोस. कळलं तर उद्या बसवतील."

"बरं," अवधूत म्हणाला.

प्रशिक्षक हातात कागद घेऊन मॅटच्या कडेला उभे होते. त्यांनी दोन्ही बाजूंना पूर्ण जोर लावायला सांगितलं. क्षितिजची पहिली चढाई उजव्या कोपऱ्याकडं गेली. दुसऱ्या चढाईला तो अवधूतकडं आला आणि बोनससाठी डावा पाय टाकला. तो अर्ध्याच ताकदीनं टाकला होता, कारण या बाजूला आपल्याला कोणी धरणार नाही हे त्याला माहीत होतं. अवधूतला तो पाय दिसला आणि त्याच वेळी डोळ्याच्या कडेला प्रशिक्षकही दिसले. त्यानं घोटा धरला. धरल्यावरही सोडायला वेळ होता, अर्धा सेकंद का होईना. त्यानं सोडला नाही. क्षितिजनं सगळा भार उजव्या पायावर घेऊन झटका दिला, तेवढ्यात शेजारचा बचावपटू येऊन त्याच्यावर आदळला. उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज फार मोठा झाला नाही, पण मॅटवरच्या सगळ्यांनी तो ऐकला.

 क्षितिजनं अवधूतकडं पाहिलं, आणि मग कोणीतरी मधे आलं.

अवधूतनंच त्याला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेलं. दोन लिगामेंट तुटली होती. संघातल्या कोणी अवधूतला बोल लावला नाही. पकड नियमात होती, खेळात असं होतं, असंच सगळे म्हणाले. प्रशिक्षकांनी तर पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, की पकड मात्र पहिल्या सामन्यासारखी घट्ट होती, उद्या तूच खेळशील.

संध्याकाळी सुखदाकाकूंचा फोन आला. त्यांनी आधी अवधूत जेवला का ते विचारलं. मग म्हणाल्या, की परक्या गावात निदान तू होतास जवळ, नाहीतर त्याला कोणी उचललं असतं. अवधूत म्हणाला, हो काकू. 

शुक्रवारी तो खेळला. तिसऱ्याच मिनिटाला समोरच्याचा पाय बरोबर हातात आला. घोट्याचं हाड तळव्याला लागलं आणि बोटं आपोआप उघडली. तो चढाईवाला रेषा ओलांडून गेला, वळून पाहिलं आणि त्यालाही आश्चर्य वाटल्याचं दिसलं. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा अवधूतनं मनाशी ठरवून धरलं, दात आवळले, तरीही हात सुटला. पूर्वार्ध संपायच्या आत त्याला बाहेर घेतलं. उरलेल्या हंगामात तो पुन्हा मॅटवर उतरला नाही. सरावातही त्याच्या हातून पाय निसटायचे. फिजिओनं मनगट तपासलं, मशिनवर पकडीची ताकद मोजली. ताकद पहिल्याइतकीच होती.

पुढच्या हंगामासाठी कोणाला ठेवलं आणि कोणाला मोकळं केलं त्याची यादी एप्रिलमध्ये आली. मोकळं केलेल्यांत दोघांचीही नावं होती, एकाखाली एक. क्षितिजच्या नावापुढं कंसात दुखापत असं लिहिलं होतं. अवधूतच्या नावापुढं काही नव्हतं.

माणला आला तेव्हा फाट्यावरचा फ्लेक्स निघाला होता आणि त्याच सांगाड्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा लागला होता. शेखरनं त्याला आठवडाभर काही विचारलं नाही. एका दुपारी गाडी धुता धुता म्हणाला, "हात दुखतुया का रं तुजा?"

"न्हाई, आप्पा."

"मंग सुटत कसा व्हता?"

 शेखरनं पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला आणि मागचं चाक धुवायला सांगितलं. नंतर त्यानं एक गाडी त्याच्या नावावर करून द्यायची तयारी दाखवली. अवधूतनं महिनाभर ती चालवलीही. पण मागं बसलेली माणसं कधीकधी ओळखायची, तुम्ही लीगमध्ये होतात ना, असं विचारायची, आणि पुढचा सगळा रस्ता त्याला नको व्हायचा.

शेवटी निरंजन सरांनी चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत शब्द टाकला. त्या कंपनीचा कबड्डीचा संघ होता आणि औद्योगिक स्पर्धांत तो उतरायचा. खेळाडू म्हणून घेतलं तरी काम प्रेस शॉपमध्ये करावं लागे. सकाळची शिफ्ट. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, भाग काढायचा, पुन्हा पत्रा. दिवसाला नऊशे भाग. शेजारच्या मशिनवर लातूरकडचा भिवा नावाचा माणूस होता. त्याला कबड्डीतलं काही कळत नव्हतं आणि अवधूतला त्याचंच बरं वाटायचं. शिफ्ट सुटल्यावर कंपनीमागच्या मैदानावर सराव. तिथंही त्यानं आपणहून कोपरा सोडला आणि मधे उभा राहायला लागला, जिथं घोटा धरायची वेळ फारशी येत नाही.

इतक्या दिवसांत तो क्षितिजला भेटला नव्हता. ऑपरेशन पुण्यात झालं तेव्हा संघ बाहेर आहे हे कारण होतं. परत आल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चार महिने गेले. काकूंचे दोनदा फोन आले, एकदा त्यानं उचललाच नाही. ऑगस्टमधल्या एका सुट्टीच्या दिवशी तो शर्ट घालून निघाला, डांगे चौकातून परत फिरला आणि पुन्हा निघाला.

दार काकूंनी उघडलं. इतक्या दिवसांनी आठवण झाली का, असं म्हणून त्यांनी त्याला आत ओढलंच. बारीक झालास, चाकणला डबा कोण देतं, आईची पाठ कशी आहे, सगळं विचारून झालं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजणी मळू लागल्या. क्षितिज आतल्या खोलीत जमिनीवर बसून पायाला रबरी पट्टा लावून ताणत होता. उजवी मांडी डावीच्या मानानं अगदी काठीसारखी झाली होती. त्यानं वर पाहिलं, बस म्हणाला आणि पट्टा ओढत राहिला. पंधरा वेळा ताणून झाल्यावर त्यानं तो सैल सोडला.

मग क्षितिज म्हणाला, "तुला सांगितलं होतं मी."

"हो."

"ऐकू आलं नव्हतं, असं तर नाही ना?"

"आलं होतं."

"मग?"

अवधूतनं खूप दिवस मनात वेगवेगळी उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "कोच बघत होते," तो म्हणाला. "मला शुक्रवारी खेळायचं होतं."

क्षितिजनं मान हलवली, जणू त्याला हेच वाटलं होतं. बाहेर तव्यावर थालीपीठ टाकल्याचा आवाज आला.

"मीही चुकलोच," तो म्हणाला. "गुडघा धरलाय हे मी कोचना सांगायला हवं होतं. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःला तेच सांगतो. पण त्यानं काही फरक पडत नाही, अवधूत. मला तुझा हातच आठवतो."

अवधूतनं विचारलं, की काकूंना माहीत आहे का.

"नाही. तिला तू आवडतोस."

"मी सांगतो त्यांना. आत्ता सांगतो."

"नको," क्षितिज म्हणाला. "सांगून तुला बरं वाटेल. तिला काय मिळेल?" त्यानं पट्टा गुंडाळून ठेवला. "आज खाऊन जा. आणि मग काही दिवस येऊ नकोस."

अवधूतनं दोन थालीपिठं खाल्ली. काकू समोर उभ्या होत्या. निघताना त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

काही दिवस म्हणजे किती ते क्षितिजनं सांगितलं नव्हतं आणि अवधूतनं विचारलं नाही. पुढच्या जानेवारीत क्षितिज एकदा निरंजन सरांच्या मैदानावर येऊन गेल्याचं कळलं. सरळ धावला, पण वळताना पाय घेईना. तीन चढाया करून त्यानं बूट काढले आणि पुन्हा आला नाही. कॉलेज सुरू केलं, राहिलेली दोन वर्षं पुरी करायला.

हे ऐकल्यावर अवधूतनं सगळं सरांना सांगितलं. चिंचवडला त्यांच्या घरी, दारातच उभं राहून, गुरुवार सकाळपासून शुक्रवारपर्यंतचं सगळं. सर ऐकत राहिले. त्यांनी त्याला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. शेवटी दार हळू लोटून घेतलं. पंधरा दिवस त्यांचा फोन नाही, मेसेज नाही. या माणसानं आता आपल्याला कायमचं टाकलं, असं धरून अवधूत शिफ्ट करत राहिला. सोळाव्या दिवशी सरांचा फोन आला. रविवारी सहा वाजता माणच्या मैदानावर ये, आणि कोपऱ्यात उभं राहायचं असेल तरच ये, एवढं बोलून त्यांनी ठेवला.

तो गेला. सरांनी स्वतः चढाई केली, पन्नाशी उलटलेल्या माणसानं. अवधूतचा हात उघडला. सरांनी पुन्हा पाय टाकला. असं ते किती रविवार करत होते, ते दोघांनाच माहीत. त्या प्रकाराबद्दल सर एक अक्षर बोलले नाहीत, आणि पूर्वीसारखं खांद्यावर हात टाकून चहाला नेणंही त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. अवधूतनं तेही मुकाट्यानं घेतलं.

त्या वर्षीच्या औद्योगिक स्पर्धेत चाकणच्या संघाकडून तो पुन्हा डाव्या कोपऱ्यात उतरला. सामना दुपारी तीनला, दोन शिफ्टच्या मधे. बघायला साठ-सत्तर कामगार, त्यातले निम्मे गणवेशात आणि डबा हातात. भिवाही आला होता. दुसऱ्या डावात एका चढाईवाल्याचा घोटा त्याच्या हातात आला आणि राहिला. बाकीचे धावून आले, पकड झाली, शिटी वाजली. अवधूतनं खाली वाकून आधी त्या माणसाचा गुडघा बघितला. तो माणूस उठला, चड्डी झटकली आणि आपल्या जागेकडं चालत गेला. नीट चालतोय हे दिसेपर्यंत अवधूत वळला नाही, आणि त्या नादात पुढच्या चढाईला गुण गेला. कप्तानानं शिवी दिली.

तेव्हापासून हे असंच आहे. दहांतले सहा पाय हातात राहतात, चार सुटतात. कोणते सुटणार हे त्याला आधी कळत नाही. शेखर आता त्याला गाडीचं विचारत नाही. गावातली पोरं चौकात भेटली, तर लीगमध्ये परत कधी, असं विचारायची तीही बंद झाली आहेत.

गेल्या डिसेंबरात जिल्हा संघाची निवड होती. सुपरवायझरनं एक दिवसाची रजा दिली. अवधूत पंचवीस वर्षांचा होता आणि रांगेतली बहुतेक पोरं एकोणीस-वीसची. त्यानं नऊ पकडी मारल्या, चार सोडल्या. टेबलामागे तीन निवडकर्ते बसले होते. त्यातल्या एकानं फॉर्म वाचून वर पाहिलं आणि लीग का सोडली, असं विचारलं.

"सोडली नाही. त्यांनी मला सोडलं."

"दुखापत?"

"माझी नाही," अवधूत म्हणाला. "सरावात माझ्या मित्रानं सांगितलं होतं की गुडघा दुखतोय, धरू नकोस. मी धरला. त्याचा खेळ संपला. तेव्हापासून माझा हात उघडतो."

निवडकर्त्यानं पेन खाली ठेवलं. हे सगळं इथं सांगायची गरज नव्हती, असं तो म्हणाला. अवधूत म्हणाला, की तुम्ही विचारलंत. मग दुसऱ्यानं विचारलं, अजून उघडतो का.

"कधीकधी."

त्यांनी आपसात काही बोलून घेतलं. संध्याकाळी भिंतीवर कागद लागला. बारा जणांत त्याचं नाव नव्हतं. खाली तीन राखीव होते, त्यात तिसरं त्याचं. आजूबाजूची पोरं फोटो काढत होती. अवधूतनं ते नाव दोनदा वाचलं, पिशवी खांद्याला लावली आणि चाकणची बस धरली. सकाळी सहाची शिफ्ट होती.